पोराला सांगायच्या आधीची तयारी : विश्रामबागच्या काऊन्सेलर मॅडम (५ पैकी ४ स्टार)

रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगतो. ज्यांना फक्त फी आणि टायमिंग पाहिजे त्यांनी सरळ खाली जावं. पण मी स्वतः शोधत होतो तेव्हा सांगली मिरज टाकलं की एकतर पुण्या-मुंबईची नावं यायची, नाहीतर "मॅडम खूप छान आहेत, थँक्यू" असले दोन ओळींचे रिव्ह्यू, त्यातनं काय कळणार कप्पाळ. म्हणून सगळं लिहून काढतो.

मी ट्रान्स पुरुष आहे. जन्मदाखल्यावर मुलगी, मग लग्न, मग एक पोरगं, मग सहमतीनं घटस्फोट. सध्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर अकाऊंट्स बघतो, घरी मी, माझी आई आणि सहावीतलं पोरगं असे तिघं. पोरगं मला मम्मी म्हणतं. पेढीवर केस बारीक, शर्ट पॅन्ट, कुणी काय विचारत नाही, आणि आमच्याकडं बायका पण "मी येतो, मी जातो" म्हणतात त्यामुळं माझं बोलणं जन्मभर कुणाच्या कानाला खटकलंच नाही, ही आपल्या भागाची मेहेरबानी. प्रश्न फक्त घरातला होता. म्हणजे पोराचा.

तर मॅडमकडं मी आलो ते "मला काय झालंय ते सांगा" म्हणून नाही, ते मला माहितीय. मला पाहिजे होतं ते एवढंच की अकरा वर्षाच्या पोराला हे सांगायचं कसं, कधी, आणि सांगितल्यावर त्यानं काय विचारलं तर तोंडातनं काय काढायचं. या एका कामासाठी या मॅडम कशा आहेत त्याचा हा रिव्ह्यू. बाकी नवरा-बायको, डिप्रेशन, दहावीचं टेन्शन यासाठी कशा आहेत ते दुसऱ्यांनी लिहावं.

याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, गाव पण सांगत नाही. तिथल्या डॉक्टरांनी माझं अर्धं ऐकलं आणि म्हणाले पोराचा विचार करा, हे डोक्यातनं काढा, गोळ्या देतो, सहा महिन्यात नॉर्मल व्हाल. गोळ्या घेतल्या नाहीत, चिठ्ठी गाडीच्या डिकीत टाकली. ज्यांना असं कुणी सांगेल त्यांच्यासाठी म्हणून लिहितो, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवीन यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली त्यात हे मानसिक आजारांच्या प्रकरणातनं काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकलंय, आणि असं "बरं करून देतो" म्हणणं आपल्याकडं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच गैरवर्तन ठरवलंय. या मॅडमना हे सगळं तोंडपाठ आहे, त्यांना शिकवावं लागत नाही. हे वाक्य कमी वाटेल पण ज्यांनी पैसे भरून डॉक्टरलाच शिकवलंय त्यांना त्याची किंमत कळेल.

जागा वरच्या मजल्यावर आहे, खाली मेडिकल, बाजूला स्किनचा दवाखाना, आणि बाहेरचा बाक दोघांना मिळून एकच. सुरुवातीला वाटलं हे काय, पण उलट बरं आहे, बाकावर बसलेला माणूस पिंपल्ससाठी आलाय का आणखी कशासाठी ते कुणालाच कळत नाही. सांगली केवढीशी आहे ओ, मारुती रोडला जाऊन येईस्तोवर तीन ओळखीचे भेटतात. रिसेप्शनवरच्या ताईंनी पहिल्यांदा माझं आधारवरचं जुनं नाव मोठ्यांदा पुकारलं आणि अख्ख्या बाकानं माझ्याकडं बघितलं. आत गेल्यावर सांगितलं, तेव्हापासनं नुसतं आडनाव घेतात. फॉर्मवर मात्र अजून पुरुष आणि स्त्री एवढे दोनच चौकोन आहेत, तिसरा मी पेनानं काढला. अर्धा स्टार इथं गेला.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. एका रविवारी आमराईत पोराला घेऊन गेलो होतो, मॅडम समोरनं त्यांच्या घरच्यांबरोबर आल्या, आणि बघून न बघितल्यासारखं करून गेल्या. पुढच्या सेशनला म्हणाल्या, तुम्ही आधी हाक मारली तरच मी ओळख देते, सगळ्यांच्या बाबतीत, म्हणजे तुम्हाला कुणाला उत्तर द्यायला लागत नाही ही बाई कोण म्हणून.

आता मेन काम. मी पहिल्या दिवशी एक दोनशे पानी वही घेऊन गेलो होतो. त्यात माझं सगळं भाषण लिहिलेलं, चौथीत फ्रॉक नको म्हणून केलेला दंगा, नववीत शाळा सोडायला निघालेलो ते, लग्न का केलं, कुणी करायला लावलं, तुझे पप्पा वाईट नाहीत वगैरे वगैरे. मॅडमनी दोन पानं वाचली, वही मिटली आणि विचारलं, हे तुम्ही कुणाला सांगताय? म्हटलं पोराला. म्हणाल्या, यातलं पोराच्या कामाचं किती आहे त्याखाली रेघ मारा. मारायला गेलो तर चार-पाच ओळी निघाल्या. बाकी सगळं माझ्या आईला, नवऱ्याला, गावाला, शाळेतल्या बाईंना सांगायचं राहून गेलेलं होतं, ते पोराच्या डोक्यावर नेऊन ओतणार होतो. वही त्यांनी परत दिली, फेकून द्या म्हणाल्या नाहीत, म्हणाल्या हे माझ्याकडं बोला, त्याला फक्त रेघा मारलेलं सांगा.

आता जे उरलंय ते साधारण असं आहे, इथं देतो, कुणाला उपयोग झाला तर होऊदे, तसंच्या तसं वापरू नका, आपल्या पोराच्या भाषेत करून घ्या. "तुला एक गोष्ट सांगायचीय, कुणी आजारी नाही, कुणी कुठं जाणार नाही. मी बाहेरनं बाई दिसत असलो तरी आतनं मी पुरुष आहे, लहानपणापासनं. आता मी तसंच राहणार आहे, थोड्या दिवसांनी माझा आवाज बदलेल, दाढी येईल. तू माझा आहेस त्यात काही बदलत नाही. तुला काय पण विचारायचं असेल तर आत्ता विचार, नाहीतर नंतर कधी पण." संपलं.

त्यातलं पहिलं वाक्य, कुणी आजारी नाही, हे मॅडमनी सगळ्यात वर का घेतलं त्याला कारण आहे. पोराला आधीच कसलीतरी कुणकुण लागलीय. मी मिरजेला हार्मोनच्या डॉक्टरांकडं जातो, त्याची फाईल कपाटात असते, एकदा ती त्याच्या हाताला लागली. मला काही बोलला नाही. आजीला जाऊन विचारलं, मम्मीला कॅन्सर आहे का. आमच्या भागात मोठ्या आजाराला सगळे मिरजेलाच जातात, त्यामुळं त्याच्या डोक्यात मिरज अधिक फाईल म्हणजे कॅन्सर. हे मला आईकडनं चार दिवसांनी कळलं आणि मी मॅडमना फोन केला, अपॉइंटमेंट नसताना, तर त्यांनी घेतला. म्हणाल्या, तुम्ही सांगत नाही म्हणजे त्याला काहीच माहीत नाही असं धरू नका, मोकळ्या जागेत पोरं आपापलं काहीतरी भरतात आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. आणि आजच्या आज एवढंच सांगा की मला कॅन्सर नाही, काही आजार नाही, एक वेगळी गोष्ट आहे ती मी तुला सुट्टीत सांगणार आहे. तेवढं सांगितलं. "नक्की ना?" म्हणाला आणि क्रिकेटला पळाला.

म्हणून टायमिंगचं पण गणित बदललं. माझा आधी प्लॅन होता की टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं सुरू करायची आणि मग हळूहळू बघू. पण डॉक्टरांनी सांगितलं आणि मॅडमनी पण, की आवाज पहिल्या काही महिन्यातच फुटायला लागतो आणि एकदा जाड झाला की औषध बंद केलं तरी परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे पोरगं रोज कानानं ऐकणार आणि आपण गप्प बसणार. मॅडम म्हणाल्या इंजेक्शनच्या आधी सांगा. डॉक्टर पण थांबायला तयार झाले.

कधी सांगायचं यावर एक पूर्ण तास गेला, मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. परीक्षेच्या आधी नको. गणपतीत नको, घर भरलेलं असतं. झोपताना नको, रात्रभर एकटं डोकं चालवत बसतं. गाडीवर नको, त्याला तोंड फिरवायला जागा पाहिजे आणि उठून जायला पण पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवातीला, सकाळी, नाष्टा झाल्यावर, पुढं दिवसभर काही काम नको, त्याच दिवशी पाहुणे नकोत. आणि भाऊबीजेला मामाकडं जायच्या चांगलं आधी, म्हणजे त्याला मधे वेळ मिळतो.

रोल प्ले करतात. मला या शब्दाचीच चीड होती, कंपनी ट्रेनिंगवाल्यांसारखं वाटतं, पण या बाई पोराचं सोंग घ्यायच्या आधी पोराची माहिती काढतात, काय खातो, राग आला की काय करतो, मोबाईल किती, जिगरी दोस्त कोण, आणि मग खुर्चीत पाय वर घेऊन अशा बसल्या की माझं पोरगंच. आणि मग एकेक बाऊन्सर. मग मी तुझ्याच पोटातनं आलोय ना? पप्पा मग कोण? शाळेत मीटिंगला तू येणार का आजी येणार? माझ्यामुळं झालं का? मी पण मोठा झालो की मुलगी होणार का? मित्र हसले तर? मी तुला मम्मी म्हणायचं का नाही?

पोटातनंच्या प्रश्नाला मला बोलताच येईना. मी तिथं अडकलो आणि भलतंच काहीतरी शास्त्रीय सांगायला लागलो, तर मॅडमनी थांबवलं, म्हणाल्या तो हो का नाही एवढंच विचारतोय. हो. माझ्याच पोटातनं. मिरजेच्या दवाखान्यात, धो धो पावसात, साडेतीन किलोचा. ते खरंच आहे आणि खरंच राहणार. मम्मी म्हणण्याचं पण तसंच, त्याला जे तोंडात बसलंय ते बसूदे, त्यानं स्वतः बदललं तर बदलेल, मी घाई करायची नाही.

आणि एक प्रश्न त्यांनी असा काढला की मी हादरलो, "म्हणजे तू रेल्वेत टाळ्या वाजवतात त्यांच्यासारखा का? का जोगत्यासारखा?" सांगली मिरजेचं पोरगं आहे, मिरज जंक्शनवर त्यानं टाळी ऐकलीय, यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेतलेले जोगते दारात आलेले बघितलेत, आजी त्यांच्या पाया पडते आणि ते गेल्यावर शेजारीण हसते, हे पण त्यानं बघितलंय. त्याच्याकडं एवढाच नमुना आहे. माझ्या तोंडातनं पटकन आलं, छे छे, मी त्यांच्यातला नाही. मॅडम पोराच्याच आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ते वाईट आहेत?" यावर आम्ही बराच वेळ घालवला. आता उत्तर असं बसलंय, की ती माणसं वाईट नाहीत, त्यांना घरच्यांनी घराबाहेर काढलं म्हणून बऱ्याच जणांना तसं पोट भरावं लागतं, त्यांचा प्रवास त्या बाजूनं आहे माझा या बाजूनं, आणि मी घरातच आहे. हे एवढं जरी पोराला कळलं तरी मला माझी फी वसूल झाल्यासारखं होईल.

सगळ्यात अवघड प्रॅक्टिस म्हणजे ज्यात पोरगं काहीच बोलत नाही. मॅडम मोबाईल घेऊन नुसत्या बसल्या. मी थोडा वेळ थांबलो आणि मग सुरू झालो, बघ बाळा, अरे ऐक ना, तुला राग आला का, मी काय म्हणतो... मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही तुमच्यासाठी बोलताय. तो गप्प आहे तर गप्प राहूदे, "मी इथंच आहे, भात लावतो" एवढं म्हणून उठा. त्यानं मला माफ करावं, मिठी मारावी, चालतंय म्हणावं, हे त्याच्यावर टाकायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे, करायला गेलं की तोंड आपोआप चालतंय.

कुणाला सांगू नकोस असं पण पोराला म्हणायचं नाही, हे मला नवीन होतं. आपण म्हणतोच ना, घरातलं घरात. त्यांचं म्हणणं की एवढं मोठं ओझं घेऊन पोरगं शाळेत बसू शकत नाही, त्याला आधीच एक-दोन माणसं ठरवून द्या ज्यांच्याशी तो बोलू शकतो. आमच्याकडं मामा आणि आजी. मामाला मी सांगितलंय, तो म्हणाला पोराला माझ्याकडं पाठव, दोन दिवस शेतात फिरवतो.

आजीचं वेगळंच. मॅडमनी एक सेशन आईला घेऊन यायला सांगितलं, कारण घरातली दोन मोठी माणसं दोन बोलली तर पोरगं फाटतं. आई आली, पदर घट्ट आवळून बसली, म्हणाली, "पोराला आत्ताच सांगू नगंसा बाई, त्याचं लगीन व्हायचंय." अकरा वर्षाचं पोरगं! मॅडम हसल्या नाहीत, मी हसलो. मग आईच थोड्या वेळानं म्हणाली, "बालगंधर्व न्हाई का, नागठाण्याचं, लुगडं नेसून हुबं ऱ्हायलं की बाया त्यांचं बघून नेसायच्या, त्यास्नी कोण काय म्हटलं?" नाट्यपंढरीत हा मुद्दा निघणारच, मला आधी पण दोघा-तिघांनी ऐकवलाय. मॅडमनी शांतपणे सांगितलं की ते स्टेजवरचं काम होतं, पडदा पडला की संपायचं, हिचं तसं नाही... आणि मग स्वतःच थांबून म्हणाल्या, यांचं तसं नाही. आईनं ते ऐकलं. घरी जाताना रिक्षात काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी डबा भरताना विचारलं, "मग आता तुला काय म्हनायचं?" मी म्हटलं पोराला सांगून झाल्यावर बघू, तोवर हाय ते चालूदे.

पोराच्या वडलांना पण आधी कळवा म्हणाल्या, त्यांच्याकडनं उलटसुलट ऐकू येऊ नये म्हणून. फोन केला, तो इचलकरंजीला असतो. बराच वेळ गप्प, मग म्हणाला, सांग तूच, मला सांगायला लावू नको. यापुढं मॅडम जात नाहीत. ताबा, घटस्फोटाचे कागद, उद्या त्यानं कोर्टात काही काढलं तर, हे विचारलं की म्हणतात वकिलाकडं जा, मी यातलं बोलणार नाही. मला आधी खटकलं, पण वकिलाकडं गेल्यावर कळलं बरं झालं नाही बोलल्या. वकिलांनी १९५६ चा पालकत्वाचा कायदा काढला, कलम १३, मुलाचं हित सगळ्यात वर, आणि म्हणाले शाळा, दवाखाना, राहणीमान याचे कागद नीट ठेवा. माझं ट्रान्सजेंडर ओळखपत्र २०१९ च्या कायद्याखाली मागेच कलेक्टरकडनं निघालंय, पोराच्या दाखल्यावरचं आईचं नाव त्यानं आपोआप बदलत नाही, आणि मला बदलायचं पण नाही. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी आत्ताचे नियम विचारूनच करा.

आता वाईट बाजू. मराठीत पोराच्या हातात द्यायला यांच्याकडं एक पण पुस्तक नाही, शेल्फवर सगळी इंग्रजी, गोरी पोरं, लाल घरं, आमचं पोरगं ते बघून म्हणेल हे अमेरिकेतलं आहे. मॅडमनी चित्रं काढून दोन पानं करून दिली, प्रयत्न चांगला, चित्रं भीषण. वेळ पाळत नाहीत, साडेपाचची अपॉइंटमेंट म्हणजे सव्वासहा धरा. ऑनलाईन सेशन घेतात पण आवाज तुटतो, आणि घरी पोरगं दाराबाहेर असताना ऑनलाईन काय बोलणार, मी दोनदा पेढीच्या गोडाऊनमधे हळदीच्या पोत्यांवर बसून बोललो, ठसका लागून लागून. पावती मागितली की हातानं लिहून देतात, त्यावर शिक्का नाही.

आणि काहींना हे खटकेल, त्या पोराला आधी भेटत नाहीत. माझी मनातनं इच्छा अशी होती की मॅडमनीच सांगावं, मी शेजारी बसतो. स्पष्ट नाही म्हणाल्या. परक्या बाईच्या केबिनमधे कळलं तर त्याला वाटेल हे दवाखान्यातलं काहीतरी आहे, घरी तुम्हीच सांगायचं, नंतर त्याला वाटलं तर आणा, नाही वाटलं तर नका आणू. यासाठी स्टार कापलेला नाही, उलट यासाठीच चार दिलेत.

फी एका सेशनचे आठशे, तासाभराचं. सलग घेतले तर थोडे कमी करतात, विचारावं लागतं, आपणहून सांगत नाहीत. मधे रात्री-अपरात्री डोकं फिरलं तर त्यांनी कागदावर सरकारी टेली मानस हेल्पलाईनचा १४४१६ नंबर लिहून दिलाय, फुकट आहे, मराठीत बोलतात, २०२२ पासनं सुरू आहे, मी एकदा लावला होता.

आमची सुट्टी लागली की मी सांगणार आहे. त्याच्या पुढच्या सोमवारची अपॉइंटमेंट मॅडमनी आत्ताच घ्यायला लावलीय, पोरगं येवो न येवो माझी म्हणून. दिवाळीत त्यांचे स्लॉट लवकर भरतात, कुणाला त्या सुमाराला पाहिजे असेल तर आत्ताच फोन करा, दुपारी दोन ते चारमधे नको, तेव्हा रिसेप्शनवरच्या ताई जेवायला जातात आणि फोन स्किनवाले उचलतात.